आप्पा, आम्ही जैसलमेरला जाऊन आलो

आप्पा,

मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठा झालोय. तुम्ही त्या शेवटच्या खेपेला घरातून निघालात तेव्हा तुमच्या मिशीत नुकते कुठं पांढरे केस दिसायला लागले होते. माझे सगळेच पिकलेत, जिना चढताना गुडघे धरतात, आणि बेळगावजवळच्या मच्छेच्या फाउंड्रीतली नोकरी संपूनही आता बराच काळ झाला. या थंडीत आम्ही दोघं राजस्थानला जाऊन आलो. दोघं म्हणजे मी आणि तुमची सून. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. ती हिंडलग्याची, मराठी शाळेत मास्तरीण होती, आणि आईचं तिच्याशी जेवढं जमलं तेवढं माझ्याशीही कधी जमलं नाही. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, फिरायला चाललोय, किल्ले बघायला, वाळवंट बघायला. ते खोटं नव्हतं. पण जोधपूरच्या गाडीत बसल्यावर तिनं डब्यातल्या दशम्या काढल्या, एक माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्तींना आणायला पायजे हुतं." आईला ती आत्ती म्हणायची.

तुम्ही खेपेवरून यायचात ते दिवस मला अजून वासासकट आठवतात. डिझेल, घाम आणि बसच्या सीटवरच्या रेक्झिनचा वास. खासबागेतल्या आपल्या त्या दोन खोल्या, बाहेर मागांचा खडखडाट, आणि आई चुलीपुढं. तुम्ही पाटावर बसता, पाय लांब करता, आणि आई तुमच्या ताटात आमटी वाढता वाढता विचारते, "जयपूरला राजवाडा हाय म्हणत्यात. आत काय हुतं हो?" तुम्ही भाकरी मोडता. "आत लोकं गेलती. मी गाडी धुतली." आई पळी हातात धरून तशीच थांबते. "येवढ्या लांब जाऊन गाडीच धुतली व्हय?" मग तुम्ही हसता. "पुढल्या खेपेला तुला नेतो. तूच बग आत काय हाय ते आनि मला सांग." मालकाच्या बसमधून तुम्ही बेळगावची, निपाणीची कितीतरी माणसं आग्र्याला, उदयपूरला, जोधपूरला नेऊन आणलीत. लग्न झालेली नवी जोडपी, तंबाखूचे व्यापारी, निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बायका. आईची पुढली खेप काही आली नाही. दिवाळीत गाडी भरलेली असायची, उन्हाळ्यात मी परीक्षेला, नाहीतर आजी अंथरुणाला खिळलेली.

एकदा मी मालकाच्या आवारात तुमच्या सीटवर बसलो होतो, स्टिअरिंग धरून. कॉलेजात जायला लागलो होतो, म्हणजे लहान नव्हतो. तुम्ही लांबून बघितलंत आणि चालत आलात, धावत नाही. दार उघडून म्हणालात, "उतर." चारचौघांसमोर तेवढंच. घरी आल्यावर मात्र जेवताना बोललात. "लोकं म्हणत्यात ह्यो सगळा देश फिरलाय. रस्ता सोडून मी काय बगितलं न्हाय रं. तुझ्या आईचं तोंडबी नीट बगितलं न्हाय. तू एका जागी ऱ्हा. सांजचं घरला येता ईल असली नोकरी बग." आई आत होती, तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. मी तसंच केलं आप्पा. मच्छेला गेलो, सांजचं घरी आलो, उभ्या आयुष्यात फार तर कोल्हापूर, पंढरपूर, एकदा हंपी. तुमचं बोलणं मी इतकं मनावर घेतलं, की बायकोला कुठं नेलं नाही हे लक्षात यायला नोकरी संपावी लागली.

तुमची बातमी घेऊन मालक स्वतः आले होते. बरोबर आणखी दोघं. ते उंबऱ्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, जैसलमेरला छातीत कळ आली, धर्मशाळेतल्या माणसांनी दवाखान्यात नेलं, तिथंच संपले. एवढ्या लांबून आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांनी आणि प्रवाशांनी मिळून तिथंच अग्नी दिला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गाडी कोण आणायलंय?" मालक गोंधळले. म्हणाले, तिथलाच एक ड्रायव्हर घेतलाय. "आसं," आई म्हणाली, आणि आत जाऊन तिनं गॅसवरचं दूध उतरवलं.

गाडी आली तेव्हा तुमचा क्लीनर एक मडकं आणि तुमची कापडी पिशवी घेऊन घरी आला. चांगला बाप्या माणूस, तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं फिरलेला, पण आईपुढं त्याला मान वर करवेना. आईनं त्याला चहा दिला, समोर बसली, आणि एक एक विचारत गेली. कळ आली तेव्हा तू कुठं होतास? तो प्रवाशांबरोबर वाळूच्या टेकड्यांवर गेला होता, उंटांच्या गाडीनं. परत आला तेव्हा तुम्हाला नेलं होतं. दवाखान्यात त्याला आत सोडलं नाही. सकाळी थेट स्मशानात. "तोंड बगितलास?" आईनं विचारलं. "पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं हुतं, वैनी. मला लांब उभं केलतं." "मग ते हेच कशावरनं?" तो रडायला लागला. आईनं पिशवी उपडी केली. दोन शर्ट, एक लुंगी, दाढीचं सामान. "चप्पल कुठं हाय?" चप्पल नव्हती. आई माझ्याकडं बघून म्हणाली, अगदी शांत आवाजात, "म्हंजे घालून गेल्यात."

त्या दिवसापासून आई विधवा झालीच नाही. मडक्याला तिनं हात लावला नाही. शेवटी निपाणीहून काका आले, तुमचे धाकटे भाऊ, आणि त्यांनी ते मार्कंडेय नदीत नेऊन सोडलं. आईनं त्यांना दारात अडवून सांगितलं, "कुनाचीबी राख सोडून आलासा, आता माझ्याशी बोलू नगा." आणि ती खरोखर पुन्हा त्यांच्याशी बोलली नाही. कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली, सकाळी दार उघडून रांगोळी घालत राहिली. पहिल्यांदा लोकांनी समजूत घातली, मग कुजबूज केली, मग गल्लीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं. मी मधे पडलो नाही असं नाही, पण काय बोलणार होतो? तुम्ही गेलात असं मी तिला सांगायला गेलो की ती विचारायची, "तू बगितलास?"

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती. समोरच्या घरी हळदीकुंकू होतं, नव्या सुनेला बोलावणं होतं. आई न बोलावता तिच्याबरोबर गेली, हिरवं लुगडं नेसून, आणि सतरंजीवर बायकांच्या ओळीत जाऊन बसली. घरची बाई कुंकवाचा करंडा घेऊन एकेकीला लावत आली आणि आईपुढं येऊन थांबली. हात हवेतच राहिला. तेव्हा तुमची सून, लग्न होऊन महिना दोन महिने झालेली, उठली, त्या बाईच्या हातातला करंडा घेतला, आणि आईच्या कपाळावर कुंकू लावून वाकून नमस्कार केला. "आत्ती, चला घरला, भात लावायचाय," म्हणाली आणि हाताला धरून घेऊन आली. हे मला आईनं सांगितलं, हिनं कधीच नाही. मी एकदा हिला विचारलं होतं, तुझा विश्वास आहे का आप्पा आहेत म्हणून? ती वह्या तपासत होती. "आत्तींचा हाय न्हवं," एवढंच म्हणाली.

आई गेली तेव्हाही वाद झालाच. नेसवायचं काय, कुंकू लावायचं की नाही. नात्यातल्या म्हाताऱ्या बायका स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या. हिनं कपाटातून हिरवी साडी काढली, चुडा भरला, मळवट भरला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "उचला आता." आई सवाष्ण म्हणून गेली आप्पा. तुम्ही कुठं होतात?

जोधपूरचा किल्ला फार मोठा आहे. खडकातूनच उगवल्यासारखा. तुम्ही तो खालूनच पाहिला असणार. चढून जाताना एका दरवाजापाशी भिंतीवर लहान लहान हातांचे ठसे आहेत, शेंदूर लावलेले. राजा मेल्यावर सती गेलेल्या राण्यांचे. लोक पुढं उभे राहून फोटो काढत होते. तुमची सून तिथं थांबली. बराच वेळ थांबली, मागच्या लोकांना वाट देत देत. "हात बगा किती बारके हाईत," म्हणाली. "माझ्या सातवीतल्या पोरींचे असायचे तसले." मी म्हटलं, चल, वर संग्रहालय आहे. ती म्हणाली, "आत्ती न्हाई म्हणल्या. निदान न्हाई म्हणायला तरी मिळालं त्यांना." वर जाऊन आम्ही आरसे बघितले, पाळणे बघितले, हत्तीवरच्या चांदीच्या अंबाऱ्या बघितल्या. ते सगळं सुंदर होतं आणि मला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते खालचं गाड्यांचं आवार. बसच्या सावलीत ड्रायव्हर लोक सतरंजी टाकून बसले होते. एकजण कणीक मळत होता, एकजण झोपला होता, एकजण बादलीनं पाणी मारून गाडी धूत होता. मी तिथं उगाच उभा राहिलो. धुणाऱ्यानं विचारलं, "कुछ चाहिए, अंकल?" नको म्हटलं. आत काय होतं ते सांगायला आलो होतो, असं थोडंच सांगता येतं.

जैसलमेरला आम्ही आधी पर्यटकांसारखेच फिरलो. पिवळ्या दगडाचा किल्ला, त्यात अजून माणसं राहतात, वाळत घातलेले कपडे, दारावर लग्नाची आमंत्रणं रंगवलेली. हवेल्यांच्या खिडक्यांवर दगडाची जाळी अशी कोरलेली की लाकूड वाटावं. मग एका सकाळी मी रिक्षावाल्याला म्हटलं, स्मशान दाखव. तो आम्हाला राजांच्या छत्र्यांकडं घेऊन गेला. गावाबाहेर टेकाडावर ओळीनं उभ्या, प्रत्येक राजाला एक, खाली त्याचं नाव कोरलेलं, मागं पवनचक्क्या फिरतायत. मी म्हटलं, हे नाही, साध्या माणसांचं. त्यानं वळून बघितलं आणि गाडी फिरवली. तिथं पत्र्याची शेड होती, पाण्याची टाकी, आणि राखण करणारा एक माणूस. हिनं त्याला हिंदीत समजावून सांगितलं, आमचे वडील, खूप वर्षं झाली, बाहेरगावचे ड्रायव्हर होते. तो ऐकत राहिला. "बहनजी, तब तो श्मशान यहाँ था भी नहीं शायद. उधर था, बस्ती के पास. अब वहाँ होटल बन गए." कुठलं हॉटेल, ते त्याला सांगता येईना. आम्ही गेलो तिकडं. एकामागोमाग एक हॉटेलं, गच्चीवर रंगीत छत्र्या, चहा पिणारे लोक. दवाखानाही पाडून नवा बांधलेला. दुपारपर्यंत फिरलो. हिचे पाय सुजले. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून तिनं पिशवीतून फुलं काढली, बेळगावहून नव्हे, सकाळी तिथल्याच बाजारात घेतलेली, आणि कुठं ठेवायची ते न कळून पुन्हा पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळवंटात गेलो, कारण पैसे भरून झाले होते आणि आमच्या मुलीनं पुण्याहून सगळं ठरवून दिलं होतं. वाटेत दगड झालेल्या झाडांचं एक उद्यान लागतं. कधीकाळी तिथं रान होतं म्हणे, आता उघड्या माळावर लोखंडी पिंजऱ्यात झाडांचे बुंधे ठेवलेत, सालीच्या रेषा तशाच, पण हात लावला तर गार दगड. हिनं एका बुंध्याला हात लावला आणि पटकन काढून घेतला. पुढं अभयारण्य. माळढोक पक्षी दाखवतो म्हणून जीपवाला आम्हाला आणि अजून एका जोडप्याला घेऊन फिरत होता. खुरटी झुडपं, वाळू, लांबवर हरणं. ऊन उतरत होतं. एका तारेच्या कुंपणाजवळ शेळ्यांमागून एक म्हातारा चालला होता, पाठमोरा. उजव्या अंगाला किंचित झुकलेला, डावा हात कमरेवर मागं टेकवलेला. तुम्ही लांबची गाडी चालवून उतरलात की अंगणात असेच चालायचात.

मी जीप थांबवायला सांगितली का नाही, मला आठवत नाही. मी उतरलो आणि चालायला लागलो, मग पळायला. वाळूत पाय रुतत होते, जीपवाला मागून ओरडत होता. मी हाकही मारली. काय हाक मारली ते तुम्हाला ठाऊकच असेल. तो म्हातारा वळला. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात एकही दात नाही, त्यानं मला बघून हात जोडले आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, बहुतेक वाट चुकलास का असं. मी पण हात जोडले. मागं बघितलं तर तुमची सून सँडल हातात घेऊन वाळूतून येत होती, सुजलेल्या पायांनी, पदर सुटलेला. जवळ आली. त्या म्हाताऱ्याकडं तिनं नीट बघितलं, कपाळापासून पायापर्यंत. मग माझ्याकडं बघून विचारलं, "ते न्हवं?"

"न्हवं," मी म्हटलं.

"मलाबी तेच हाईत वाटलं," ती म्हणाली, आणि तिथंच वाळूत बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही हे एकमेकांना कधी बोललो नव्हतो. तिनं आईला कुंकू लावलं ते फक्त आईसाठी असं मी समजत होतो, आणि मी आईपुढं गप्प बसतो ते शहाणा म्हणून, असं ती समजत होती. आम्ही जीपकडं परत आलो तेव्हा ते दुसरं जोडपं आनंदात होतं. तेवढ्यात माळढोक दिसला होता, झुडपातून बाहेर येऊन मान उंच करून उभा राहिला आणि उडून गेला. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. एक लांब ठिपका.

परत आल्यावर आम्ही निपाणीला गेलो, काकांकडं. ते नव्वदीला आलेत, म्हणजे आले होते. खाटेवर पडून, अंगात काही राहिलेलं नाही, पण ओळख पक्की. आम्ही कुठं गेलो होतो ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला जवळ बसवून घेतलं, हात धरला. "आण्णाची जागा घावली काय रं?"

मी हिच्याकडं बघितलं. ती पाण्याचा तांब्या भरत होती, तिनं वर बघितलं नाही.

"घावली काका," मी म्हटलं. "गावाबाहेर हाय. एक झाड हाय तिथं. आमी फुलं वाहिली."

"सावली हाय न्हवं? तिकडं लई ऊन असतंय म्हणत्यात."

"हाय काका. मोठं झाड हाय."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. तसेच पडून म्हणाले, "वैनी मला मरेस्तोवर बोलली न्हाय रं. कुनाचीबी राख सोडलासा म्हणायची. मलाबी कदीमदी वाटायचं, खरंच कुनाची सोडली आसंल तर? आता बरं वाटलं." गाडी हायवेला लागल्यावर हिनं खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "बरं केलासा." काकांनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. माझ्यामुळं ते निवांत गेले असं सगळे म्हणतात. पण आईनं घरात जे कधीच कुणाला बोलू दिलं नव्हतं, ते मी निपाणीच्या त्या खोलीत माझ्या तोंडानं बोलून आलो. तुम्ही गेलात. तुमची जागा आहे. तिथं फुलं वाहिली.

हे पत्र मी पाठवणार नाही. कुठं पाठवायचं हा प्रश्न आहेच, आणि तुमच्या सुनेलाही मी ते दाखवणार नाही, कारण तिला पुन्हा वाळूत बसलेलं मला बघवणार नाही. फक्त एक कबूल करतो. काकांना ते झाड सांगत होतो तेव्हा ते मला समोर दिसत होतं, चांगलं डेरेदार, मी रचलेलं असूनही. त्याच्याखाली राख नव्हती आप्पा. गाडी कडेला लावून तुम्ही खोडाला टेकून बसला होतात, आणि माणसं आतून बघून येईपर्यंत वाट बघत होतात.